मुंबई बघायला येताय? आधी दिशा, मग वेळ, मग गाडी

साताऱ्याहून, अकोल्याहून, नांदेडहून दोन-चार दिवसांसाठी मुंबई बघायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: "लोकलच्या नादाला लागू नका, सरळ टॅक्सी करा." सांगणारा काळजीपोटीच सांगतो. पण हा सल्ला ऐकून आलेल्या कुटुंबाचा अर्धा दिवस सिग्नलला उभं राहण्यात जातो, खिसा रिकामा होतो आणि मुंबई काचेतून बघितल्यासारखी होते. मला हे मनापासून खटकतं. कारण लोकल, मेट्रो आणि बेस्टची बस या तिन्हींच्या जोरावर आजी-आजोबांना, लेकरांना घेऊन मुंबई नीट बघता येते. त्यासाठी एकच गोष्ट आधी समजून घ्यावी लागते: मुंबईतली गर्दी सगळ्या वेळी, दोन्ही बाजूंना सारखी नसते. तिला दिशा असते आणि तिचं वेळापत्रक ठरलेलं असतं.

नकाशा बघितला की कारण कळतं. मुंबई ही दक्षिणोत्तर पसरलेली अरुंद पट्टी आहे. दक्षिणेच्या टोकाला फोर्ट, चर्चगेट, नरिमन पॉइंट ही जुनी कचेऱ्यांची वस्ती, आणि माणसं राहतात उत्तरेला: बोरिवली, विरार, ठाणे, डोंबिवली, कल्याणला. म्हणून सकाळी साधारण आठ ते साडेदहा-अकरा या वेळात दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या खचाखच असतात आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळात उत्तरेकडे जाणाऱ्या. त्याच वेळी उलट दिशेची गाडी बऱ्यापैकी मोकळी धावत असते. दादरला मुक्कामाला उतरलेल्या पाहुण्यांनी सकाळी नऊला बोरिवलीच्या नॅशनल पार्ककडे निघायला हरकत नाही. बोरिवलीला उतरलेल्यांनी मात्र नऊला गेटवेकडे निघू नये, अकरापर्यंत चहा-नाश्ता आटपून मग निघावं. आता कचेऱ्या लोअर परळ, बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी अशा मधल्या भागांतही पसरल्यामुळे अंधेरी, घाटकोपर, दादर ही स्टेशनं दोन्ही बाजूंनी भरतात, हे खरं. तरी मूळ नियम अजून टिकून आहे.

तीन रेषा आणि एक दादर

भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. आजची मध्य रेल्वेची मुख्य लाइन त्याच वाटेने जाते: सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुनं बोरीबंदर) दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली करत कल्याणपर्यंत. कल्याणला तिला दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जत-खोपोलीकडे. पश्चिम रेल्वेची लाइन चर्चगेटहून निघते आणि मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली करत विरारला आणि पुढे डहाणूपर्यंत जाते. तिसरी हार्बर. ती सीएसएमटीहूनच निघते पण पूर्वेच्या अंगाने, वडाळा आणि कुर्ल्यावरून वाशी, बेलापूर, पनवेलला पोचते. वडाळ्याहून तिचा एक फाटा माहीम, वांद्रे करत अंधेरी-गोरेगावला जातो. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर वेगळी. तिची गरज तुम्हाला नवी मुंबईत उतरला असाल तरच पडेल.

पश्चिम आणि मध्य या दोन्ही लाइन दादरला खेटून उभ्या आहेत, म्हणून एकीवरून दुसरीवर जायचं तर दादरला बदलायचं. पूर्वी इथे दोन्ही बाजूंना 'एक नंबर' फलाट असायचा आणि नवख्या माणसाची हमखास फसगत व्हायची. डिसेंबर २०२३ पासून नंबर सलग आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ पासून १४ पर्यंत मध्य रेल्वेचे. पूल चढताना फलाटाचा नंबर बघितला की कुठल्या लाइनकडे चाललोय ते कळतं.

आणखी एक जोडी लक्षात ठेवा. माटुंगा हे मध्य रेल्वेवर आहे आणि माटुंगा रोड पश्चिमवर. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. परळ मध्यवर आणि प्रभादेवी पश्चिमवर. या प्रभादेवीचं नाव २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं, जुनी माणसं अजून तेच म्हणतात.

कुठलंही ठिकाण विचारताना पूर्व की पश्चिम हे आधी विचारा. प्रत्येक स्टेशनला दोन बाजू असतात आणि मध्ये रूळ. अंधेरी पश्चिमेला जायचंय आणि पूर्वेला बाहेर पडलात तर पुन्हा जिने, पुन्हा पूल, पुन्हा गर्दी. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर ही चूक फार महागात पडते. बहुतेक मोठ्या स्टेशनांवर आता सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. त्या कुठल्या टोकाला आहेत हे फलाटावरच्या हमालाला किंवा पोलिसाला विचारलं तर तो लगेच हात करून दाखवतो.

इंडिकेटर वाचायला शिका

फलाटावर डोक्यावर लटकलेली ती पाटी म्हणजे इंडिकेटर. ती वाचता आली की लोकलची निम्मी भीती जाते. तिच्यावर चार गोष्टी असतात: गाडी कुठवर जाणार, स्लो की फास्ट, डबे किती, आणि किती मिनिटांत येणार. पाटी मराठीत आली की 'ज' म्हणजे जलद आणि 'धी' म्हणजे धीमी. इंग्रजीत त्याच जागी 'एफ' किंवा 'एस' दिसतो. ठिकाणाचं नाव बऱ्याचदा एक-दोन अक्षरांत असतं. 'बीओ' म्हणजे बोरिवली, 'के' म्हणजे कल्याण, 'टी' म्हणजे ठाणे. मध्य रेल्वेवर कसाऱ्याच्या गाडीला 'एन' आणि कर्जतच्या गाडीला 'एस' लावतात. तो ठिकाणाच्या जागचा 'एस' आणि स्लोचा 'एस' यांत घोटाळा करू नका.

स्लो गाडी प्रत्येक स्टेशनला थांबते. फास्ट मोठमोठी घेते: मध्यवर भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण, पश्चिमवर मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली. काही फास्ट गाड्या पुढे जाऊन सगळीकडे थांबू लागतात, म्हणून चढण्याआधी "ही अमुक ठिकाणी थांबेल का?" असं विचारायचंच. पाहुण्यांना माझं सांगणं असं की दहा-बारा स्टेशनांच्या आतलं अंतर असेल तर स्लोच पकडा. पाच-दहा मिनिटं जास्त लागतील, पण चुकून एक स्टेशन पुढे गेलात तरी पुढच्याच थांब्यावर उतरून परत येता येतं. फास्टमध्ये घाटकोपर चुकलं तर उतरायला थेट ठाणंही लागू शकतं.

डब्यांचा आकडा दुर्लक्षित राहतो. बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांच्या फलाटावर आली की एका टोकाला रिकामी जागा उरते, आणि तिथे उभे असलेले लोक सामान घेऊन धावत सुटतात. म्हणून गर्दी जिथे जमलीय तिथेच उभं राहावं.

तिकीट आणि डबा

लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट ५ रुपयांपासून सुरू होतं. खिडकीवर रांग असते, शेजारी तिकीट देणारी एटीव्हीएम यंत्रं असतात आणि त्यांच्यापाशी बऱ्याचदा तिकीट काढून देणारा मदतनीस उभा असतो. मोबाइलवर काढायचं असेल तर रेलवन ॲप आहे. हे तिकीट स्टेशनात शिरण्याआधीच काढून ठेवा, रुळांच्या अगदी जवळ गेल्यावर ॲप तिकीट देत नाही. गावाहून आलेल्या एक्सप्रेस गाडीच्या तिकिटाच्या भरवशावर लोकलमध्ये बसू नका, लोकलचं वेगळं काढा.

एक सोय फार कमी लोकांना माहीत असते: लोकलचं टुरिस्ट तिकीट. एक, तीन किंवा पाच दिवसांचं मिळतं आणि पश्चिम, मध्य, हार्बर सगळीकडे चालतं. दिवसातून तीन-चारदा चढ-उतार करणार असाल तर खिडकीवर हेच मागा. पैशांपेक्षाही दर वेळची रांग वाचते, आणि फिरायला आलेल्या माणसाला वेळ हाच जास्त मोलाचा.

डबे बाहेरून सारखेच दिसतात, आणि टीसीच्या हाती सापडणारे बरेच पाहुणे इथेच सापडतात. पहिल्या वर्गाच्या दाराशेजारी लाल-पिवळे तिरके पट्टे असतात, महिलांच्या डब्याशेजारी हिरवे. फलाटावरही तसेच पट्टे रंगवलेले असतात. पहिल्या वर्गाचं भाडं दुसऱ्याच्या कितीतरी पट आहे. दिव्यांगांचा डबा वेगळा, मालडबा वेगळा. एसी लोकल ही पूर्ण गाडीच वेगळी, तिचं तिकीटही वेगळं आणि दारं आपोआप बंद होणारी. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. लहान मुलं किंवा वयस्क माणसं बरोबर असतील आणि वेळ जुळत असेल तर ती जरूर घ्या. तिच्या बंद दारांमुळे जिवाला घोर राहत नाही.

महिला आणि मुली वेगळ्या डब्यात जाणार असतील तर कुठे उतरायचं आणि उतरल्यावर फलाटावर कुठे भेटायचं हे चढण्याआधी ठरवा. "पुलाच्या पायथ्याशी" एवढं पुरत नाही, पूल तीन-तीन असतात. "इंडिकेटरखाली" हे चांगलं. आणि एक जण चढला, दुसरा राहिला, तर चढलेल्याने पुढच्याच स्टेशनला उतरून थांबायचं, मागच्याने पुढची गाडी पकडून तिथे यायचं. हेही आधीच बोलून ठेवा.

चढणं सोपं, उतरणं अवघड

लोकल एका स्टेशनला अर्धा मिनिट थांबते, कधी त्याहून कमी. म्हणून उतरायची तयारी आधीच्या स्टेशनापासून करतात. आत उभं राहिल्यावर तुमच्या कानावर हे पडेल:

"दादर?"

"नाही, कुर्ला."

"मग मला पुढे जाऊ द्या."

ही वादावादी नाही. पुढच्या माणसाला दादरला उतरायचं नसेल तर तो बाजूला होतो आणि उतरणारा त्याची जागा घेतो. अशी दारापर्यंत रांग लागते. तुम्हीही तेच करायचं. "काका, फलाट कुठल्या बाजूला येणार?" असं विचारा, चार जण सांगतील. त्या बाजूच्या दाराकडे सरका, सॅक पाठीवरून काढून पोटाशी धरा, मोबाइल आत टाका. सामान जाळीवर ठेवलं असेल तर एक स्टेशन आधी खाली घ्या. गाडी थांबली की उतरणारे आधी, चढणारे मागून. तुम्ही चढणारे असाल तर दाराच्या बरोबर समोर उभं न राहता जरा कडेला राहा.

तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा देण्याची पद्धत जुनी आहे. "जरा सरकता का?" म्हटलं की बाकावरचे आवळून बसतात.

दारात उभं राहून वारा खाण्याचा मोह पाहुण्यांना, त्यातही कॉलेजच्या पोरांना फार होतो. हात जोडून सांगतो, नका करू. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी शेजारून जाणाऱ्या गाडीच्या वेळी खाली पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले. ती बहुतेक रोज प्रवास करणारी, सराव असलेली माणसं होती. रूळ ओलांडणंही तसंच. पूल कितीही लांब असला तरी पुलावरूनच जा. गाडी सुटली तर सुटू द्या, मागून दुसरी येतेच आहे.

मेट्रोने काय बदललं

लोकल उभी धावते, दक्षिणोत्तर. पण पूर्वेकडून पश्चिमेला आडवं जायचं तर वर्षानुवर्षं बस-रिक्षा आणि रस्त्यावरची कोंडी एवढंच नशिबी होतं, नाहीतर दादरपर्यंत खाली येऊन पुन्हा वर जायचं. ८ जून २०१४ रोजी घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा ही मेट्रो १ सुरू झाली आणि मध्य रेल्वेवरून पश्चिमेला जाण्याची वाट मिळाली. घाटकोपर आणि अंधेरी दोन्हीकडे ती लोकलच्या स्टेशनाला पुलाने जोडलेली आहे. उत्तरेकडच्या उपनगरांत मेट्रो २अ आणि ७ आहेत, त्या दहिसरला एकमेकींना मिळतात.

पण फिरायला येणाऱ्यांसाठी खरी भेट म्हणजे मेट्रो ३, ॲक्वा लाइन. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, आरे सोडलं तर सगळी जमिनीखाली. ती टप्प्याटप्प्याने उघडली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. तिची स्टेशनं वाचा, पर्यटकाची यादीच वाचल्यासारखी वाटते: चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, महालक्ष्मी, विज्ञान केंद्र, सिद्धिविनायक, दादर, बीकेसी, विमानतळाची दोन्ही टर्मिनल. भाडं १० ते ७० रुपये, एसी, आणि पहाटे सहाच्या सुमारापासून रात्री साडेदहापर्यंत गाड्या. मरोळ नाक्याला ती मेट्रो १ ला मिळते.

एक सावधगिरी: जमिनीखाली मोबाइलचं नेटवर्क नीट मिळेलच असं नाही, तेव्हा तिकीट वरच काढून ठेवा किंवा खिडकीवरून कागदी घ्या. आणि दादरची मेट्रो लोकलच्या स्टेशनाला चिकटून नाही. ती शिवसेना भवनाच्या बाजूला आहे, लोकलपासून तिथवर गर्दीतून बरंच चालावं लागतं. लोकलवरून मेट्रोवर जायचं असेल तर चर्चगेट किंवा सीएसएमटीला बदलणं जास्त सोयीचं.

बेस्टची बस उरलेला शेवटचा तुकडा जोडते. मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं १० रुपये आणि एसीचं १२ रुपये आहे. दिवसभराचा पास ७५ रुपयांना मिळतो. बसच्या कपाळावरचा नंबर मराठी आकड्यांत असतो, आपल्याला तो लांबूनच वाचता येतो, ही आपली सोय. सीएसएमटीहून म्युझियमवरून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणाऱ्या ११५ नंबरवर विजेवरची डबलडेकर आणली होती. ती मिळाली तर मुलांना वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसवा.

रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला येत नाहीत, तिथून पुढे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये. मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळात पाव पट जास्त. मीटर टाकायला सांगा, मुंबईत मीटरनेच जातात.

एक दिवस मांडून बघू

समजा तुम्ही डोंबिवलीला मामाकडे उतरलाय. सोबत आई, बायको आणि दोन मुलं. म्युझियम, गेटवे आणि सिद्धिविनायक करायचंय.

सकाळी साडेआठच्या फास्टमध्ये शिरायचा हट्ट धरू नका. डोंबिवलीहून त्या वेळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत चढणं हे रोजच्या माणसालाही जिकिरीचं असतं. अकराच्या आसपास निघा. साधारण तासा-सव्वा तासात सीएसएमटी. स्टेशनाची इमारत बाहेरून डोळे भरून बघा, समोर महापालिकेची इमारत आहेच. तिथून मेट्रोने एकच स्टेशन हुतात्मा चौक, मग चालत काळा घोडा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथून गेटवे पायी दहा मिनिटांवर. घारापुरीला जायचं असेल तर वेगळा अख्खा दिवस काढा, बोटीलाच एकेका बाजूला तासभर लागतो, आणि सोमवारी लेणी बंद असतात.

चारच्या सुमारास हुतात्मा चौकातून पुन्हा मेट्रो, सिद्धिविनायकला उतरायचं. दर्शन आटपून बाहेर येईपर्यंत संध्याकाळचे सहा वाजलेले असतील, म्हणजे घरी परतायला दिवसातली सगळ्यात वाईट वेळ. दादरला कल्याणकडे जाणारी फास्ट मागूनच भरून आलेली असते. तेव्हा घाई न करता शिवाजी पार्कला जा, मुलांना मोकळं सोडा, समुद्राच्या बाजूला चक्कर मारा, तिथेच दादरमध्ये जेवून घ्या. नऊनंतर दादर स्टेशन गाठा. आई थकली असेल तर दादरहूनच सुटणारी लोकल कधी आहे ते इंडिकेटरवर बघा, तिच्यात बसायला जागा मिळण्याची आशा जास्त. रात्री साधारण एक ते पहाटे चार या वेळात लोकल बंद असते, तोवर भरपूर गाड्या आहेत.

आणि हाच बेत रविवारचा असेल तर शनिवारीच मेगाब्लॉकची बातमी बघून ठेवा. दुरुस्तीसाठी रविवारी दिवसाच्या मधल्या वेळात एखाद्या टप्प्यावर फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, हार्बरवर तर काही टप्पे पूर्ण बंद ठेवतात. पश्चिम रेल्वेवर यालाच जम्बोब्लॉक म्हणतात. वेळ आणि स्टेशनांची नावं आदल्या दिवशीच्या पेपरात छापून येतात. ब्लॉक तुमच्याच लाइनवर असेल तर सकाळी नऊच्या आत निघा. रविवारी त्या वेळी कचेरीची गर्दी नसते, आणि ब्लॉक सुरू होण्याआधी तुम्ही सीएसएमटीला पोचलेले असता.